लढाई चालू असताना गणती

लखनौहून सीतापूर रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर बख्शी का तालाब येतं. लखनौ जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. रेल्वे स्टेशन, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजार आणि हवाई दलाचं ठाणं. पुण्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा एक सहकारी तिकडचा. त्याच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही चौघं गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हाला तो जुना तलाव दाखवला, ज्याच्यावरून गावाला नाव पडलं. नवाबी अमदानीतल्या कुणा बख्शीने बांधून घेतलेला. बाकीचे फोटो काढत होते. माझ्या डोक्यात मात्र तलावाऐवजी बख्शीच शिरला आणि परतीच्या गाडीतही उतरला नाही.

बख्शी म्हणजे आपला बक्षी. मराठी वाचकाला हा हुद्दा परका नसावा. महादजी शिंद्यांच्या फौजेचे बक्षी जिवबादादा केरकर, मूळचे पेडण्याजवळच्या केरीचे. 1795 साली खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांच्या हाताखाली होती. बक्षी पुढे सेनानीच झाले, पण हुद्द्याचं मूळ काम हिशेबाचं. फौजेचा पगार काढायचा, आणि त्यासाठी माणसं-घोडी मोजायची. मोगलांच्या दरबारात मीर बख्शीकडे हेच खातं. मोजणी करावी लागे, कारण मेलेलं घोडं कागदावरून आपोआप जात नाही. सरदार त्याचा तनखा उचलत राही, आणि गणतीच्या दिवशी शेजारच्या छावणीतलं घोडं उसनं आणून उभं करी. म्हणून तर अकबराने घोड्यांना डाग द्यायची आणि शिपायांची चेहरेपट्टी लिहून ठेवायची पद्धत कडक केली.

मी गाड्यांमधल्या संगणकांचे प्रोग्रॅम लिहितो. आमच्या धंद्यात या बक्षीला मेमरी मॅनेजर म्हणतात, आणि त्याच्यावरून गेली साठ-पासष्ट वर्षं वाद चालू आहे. तो वाद वरवर तांत्रिक वाटतो. माझ्या मते तो हिशेब कोणी ठेवायचा आणि कधी ठेवायचा याचा आहे. आमच्यातले बहुतेक जण (मीही त्यांतलाच होतो) त्याचं उत्तर न देता नुसती बाजू घेतात.

आधी प्रश्न नीट मांडतो. संगणकाची मेमरी म्हणजे मोजक्या खोक्यांची भिंत समजा. प्रोग्रॅमला काही ठेवायचं असलं की तो खोकं मागतो, काम झालं की परत करायचं असतं. परत करायला विसरला तर खोकं अडकून बसतं. याला लीक म्हणतात. याच्या उलट घाई झाली, म्हणजे काम संपायच्या आतच परत केलं, तर तेच खोकं दुसऱ्याला दिलं जातं, आणि पहिला मात्र ते अजून आपलंच समजून त्यात हात घालतो. हा प्रकार जास्त वाईट, कारण चूक एकीकडे होते आणि बोंब तिसरीकडे उठते. हातात पॉइंटर (खोक्याचा पत्ता) घेऊन पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसाकडूनही या दोन्ही चुका होतात.

जॉन मॅकार्थी यांनी लिस्प ही भाषा रचताना यावर उपाय काढला. एप्रिल 1960 मध्ये छापून आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात तो आहे: खोकी परत करायचं काम प्रोग्रॅमरवर सोडूच नये. भिंत भरत आली की यंत्राने स्वतः गणती घ्यावी. प्रोग्रॅमच्या हातात असलेल्या दोऱ्यांपासून निघावं, एका खोक्यातून दुसऱ्याकडे जाणारा धागा धरत जावं, जिथे जिथे पोचता येईल तिथे खूण करावी. खूण न झालेलं प्रत्येक खोकं मोकळं. याचंच नाव गार्बेज कलेक्शन. जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, गो या आजच्या भाषा याच घरातल्या, पद्धतींमध्ये फरक असला तरी.

मॅकार्थी यांनीच पुढे सांगितलेला एक किस्सा आहे. एमआयटीत त्यांनी पाहुण्यांसमोर लिस्पचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं, तेही बंद-सर्किट टीव्हीवरून. सगळं नीट चाललं असताना मेमरी भरली आणि सेकंदाला दहा अक्षरं या वेगाने छापणाऱ्या यंत्राने मुख्य काम सोडून सावकाश जाहीर करायला सुरुवात केली की कचरा उचलणाऱ्याला बोलावण्यात आलं आहे आणि काही मनोरंजक आकडेवारी पुढे देत आहोत. प्रेक्षक हसले. प्रात्यक्षिकाची वेळ तिथेच संपली. तेव्हा हसण्यावारी गेलं, कारण समोर पाहुणे होते, समोरून येणारा ट्रक नव्हता.

गाडीतले असे प्रोग्रॅम रिअल-टाइम असावे लागतात. रिअल-टाइम म्हणजे वेगवान असा समज सर्रास आढळतो. मुलाखतीला येणाऱ्या दहांपैकी आठ जण तेच सांगतात. खरा अर्थ एवढाच: बरोबर उत्तर उशिरा आलं तर ते चूक उत्तर. धडक झाल्यावर एअरबॅग उघडायची की नाही हे साधारण 15 ते 30 मिलिसेकंदांत ठरावं लागतं. पन्नासाव्या मिलिसेकंदाला अगदी अचूक निर्णय दिला, तरी बॅग फुगेपर्यंत माणसाची छाती स्टिअरिंगवर पोचलेली असते. बख्शी का तालाबच्या ठाण्यावरून विमान जाताना पाहिलं तेव्हा सवयीने हिशेब केला. ताशी 900 किलोमीटरने जाणारं विमान सेकंदाला 250 मीटर कापतं. त्याच्या नियंत्रक संगणकाने दशांश सेकंद गणती घ्यायला थांबायचं ठरवलं, तर तेवढ्यात विमान 25 मीटर पुढे गेलेलं असेल, आणि तेवढा वेळ ते कोणाच्याच हातात नसेल.

पुण्याच्या पेठांत राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळी साडेआठला अरुंद बोळात घंटागाडी उभी राहते. कचरा उचलला गेलाच पाहिजे याबद्दल कुणाचंच दुमत नाही. पण मागे अडकलेल्या रिक्षात शाळेची मुलं असतात, आणि शाळेची घंटा घंटागाडीला विचारून होत नाही. मॅकार्थींची मूळ पद्धत अशीच आख्खा बोळ बंद करणारी होती. आमच्यात तिला 'स्टॉप द वर्ल्ड' म्हणतात, जरा अतिशयोक्ती वाटते, पण प्रोग्रॅमच्या दृष्टीने जग खरोखरच थांबतं.

मग आमच्या क्षेत्राने सरळ बंदी घातली. गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मिस्रा नियमांनी 1998 पासूनच सी भाषेत चालत्या प्रोग्रॅमने मेमरी मागायला मनाई केली. गार्बेज कलेक्टर तर लांबच, हाताने मागायची आणि परत करायचीही सोय नाही. एफ-35 विमानासाठी 2005 साली लिहिलेल्या सी++ नियमांनी सांगितलं की सुरुवातीची मांडामांड झाल्यावर नवी मेमरी मागायची नाही. 2006 मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या गेरार्ड होल्झमन यांनी जे दहा नियम मांडले, त्यातला तिसरा नियम हाच. जे लागेल ते निघण्यापूर्वी घ्या, वाटेत काही मागू नका. हिंजवडीपासून तळवड्यापर्यंत गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या कुठल्याही ऑफिसात जा, नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात हे पढवलं जातं. मॅलॉक (सीमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) हा शब्द तिथे घरात कांदा न खाणाऱ्यांकडे कांद्याचं नाव निघावं तसा निघतो.

या बंदीमागचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे, कारण ते 'कचरा वेचायला वेळ लागतो' एवढंच नाही. मेमरी मागण्याच्या साध्या क्रियेलाही किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही, भिंतीत बसेल असं रिकामं खोकं शोधावं लागतं. आणि मोकळी जागा आहे पण सलग नाही, ही अडचण वेगळीच. एसटीत पाच सीट रिकाम्या असतात, पण एक पुढे, दोन मध्ये, दोन मागच्या बाकावर. पाच जणांच्या कुटुंबाला शेजारी बसायचं असेल तर ती गाडी त्यांच्यापुरती भरलेलीच. प्रवाशांना उठवून सरकवायचं म्हटलं, तर ज्याच्या ज्याच्या वहीत त्यांचा जुना सीट नंबर आहे त्या सगळ्यांना नवा नंबर कळवावा लागतो, तोही गाडी चालू असताना. तासन् तास, महिने महिने चालणाऱ्या यंत्रात ही विखुरलेली जागा हळूहळू वाढत जाते. 2004 साली स्पेनमधल्या संशोधकांनी मागणी आली की ठरावीक पावलांतच खोकं शोधून देणारी टीएलएसएफ ही पद्धत मांडली. तिने शोधाचा वेळ बांधला, विखुरण्याचा प्रश्न मात्र फक्त कमी केला.

तर बंदी शहाणपणाची होती, अजूनही आहे. माझा आक्षेप तिच्यामागच्या बेफिकिरीला आहे. मॅलॉक नाही म्हणजे मेमरीचा प्रश्न नाही, अशी एक समजूत त्यातून तयार झाली. माझी ती समजूत एका सकाळी मोडली.

आम्ही एका मालवाहू गाडीचा डॅशबोर्ड करत होतो: वेगाचा काटा, इंजिनचं तापमान, इंधन. गाडीतली यंत्रं एकमेकांशी कॅन नावाच्या तारेवरून बोलतात. येणारा प्रत्येक निरोप ठेवायला आम्ही सुरुवातीलाच 64 खोकी राखून ठेवली होती. निरोप आला की खोकं घ्यायचं, वाचून झालं की परत ठेवायचं. मॅलॉक एकही नाही. नियम तपासणाऱ्या साधनाने पैकीच्या पैकी मार्क दिलेले. रात्री अकराला बेंचवर गाडीचा खोटा प्रवास लावून घरी गेलो. सकाळी आठला येऊन पाहतो तर काटा 62 वर थिजलेला. गाडी कागदावर थांबली होती, पुन्हा चालू झाली होती, घाट चढली होती, काटा मात्र 62.

सापडायला दोन दिवस लागले. निरोपाची बेरीज जुळली नाही, म्हणजे तारेवर खरखर होऊन तो बिघडला, तर आमचं फंक्शन तिथूनच मागे फिरत होतं. बरोबरच होतं ते. फक्त फिरण्यापूर्वी खोकं परत ठेवत नव्हतं. एक ओळ राहिली होती. बेंचवर खरखर क्वचित होते, त्यामुळे चौसष्टावा बिघडलेला निरोप यायला जवळजवळ नऊ तास लागले. त्यानंतर एकही खोकं शिल्लक नव्हतं आणि नव्या निरोपाला जागा नव्हती. ती ओळ मीच लिहायची राहिली होती, म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचा प्रश्न येत नाही.

थोडक्यात, आम्ही मेमरी मॅनेजर हाकलला आणि त्याच्या जागी दुसरा बसवला: छोटा, घरगुती, कुणीही न तपासलेला. बक्षीचं पद रद्द झालं आणि त्याची वही प्रत्येक शिपायाच्या खिशात गेली. तेव्हापासून बऱ्याच ऑफिसांतले 'मॅलॉकमुक्त' प्रोग्रॅम मी पाहिले. जवळपास प्रत्येकात असा एखादा खोक्यांचा साठा असतो, आणि त्याचा हिशेब ज्याने लिहिला तो माणूस नोकरी बदलून गेलेला असतो.

मोठ्या यंत्रणांतही हेच दिसतं. लंडनच्या अँब्युलन्स सेवेने 26 ऑक्टोबर 1992 रोजी संगणकावरची नवी व्यवस्था सुरू केली. पहिल्या दोन दिवसांचा हाहाकार वेगळ्या कारणांनी झाला, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण 4 नोव्हेंबरच्या पहाटे ती पुरती बंद पडली, ती चौकशीत निघाल्याप्रमाणे अगदी किरकोळ चुकीमुळे. प्रत्येक वेळी अँब्युलन्स पाठवली की सर्व्हरमधली थोडीशी मेमरी घेतली जायची आणि परत दिली जायची नाही. ही चूक नवी व्यवस्था सुरू होण्याआधीच शिरलेली होती, आणि सुमारे तीन आठवडे थेंब थेंब जमत गेलं. मंगळावर उतरलेल्या स्पिरिट या नासाच्या गाडीची गोष्टही तशीच. उतरल्यावर अडीच आठवड्यांनी, 21 जानेवारी 2004 ला, ती बोलेनाशी झाली. फ्लॅशमध्ये फाइली साचल्या होत्या, त्यांची सूची गाडी चालू होताना मुख्य मेमरीत आणावी लागे, आणि फाइल पुसली तरी सूचीतली तिची जागा आटत नसे. मेमरी पुरेना, म्हणून गाडी स्वतःला बंद करून पुन्हा चालू करायची, चालू होताना पुन्हा तीच सूची वाचायची. हे साठहून अधिक वेळा झालं. ही फाइल-व्यवस्था त्या तुकडीने स्वतः लिहिलेली नव्हती, तयार घेतलेली होती. वाटेत मेमरी मागायची नाही हा नियम तुम्ही पाळाल हो, पण बाजारातून आणलेल्या लायब्ररीला तो कोणी सांगायचा?

इथे आमच्या धंद्यात बरीच वर्षं फिरणारा क्षेपणास्त्राचा किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. एका तपासनिसाला क्षेपणास्त्राच्या प्रोग्रॅममध्ये लीक सापडले. त्याने घाबरून मुख्य अभियंत्याला गाठलं. अभियंता शांतपणे म्हणाला, माहीत आहे. जास्तीत जास्त उड्डाणाच्या वेळात किती मेमरी गळेल हे आम्ही काढलं, तेवढी जास्तीची बसवली, आणि वर ती दुप्पट केली. वेळ संपल्यावर सगळी मेमरी एकदमच मोकळी होते, कारण क्षेपणास्त्रच राहत नाही. लोक हे विनोद म्हणून सांगतात. मला यात विनोद फार दिसत नाही. त्या अभियंत्याकडे आकडा होता. माझ्याकडे 64 होता, पण तो 64 का, हे विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आता दुसऱ्या पक्षाकडे येऊ. गार्बेज कलेक्शनवाल्यांनी चूक पहिल्यापासून ओळखली होती. आख्खा बोळ बंद करायचा नाही, तर लढाई चालू असताना गणती कशी घ्यायची? 1978 हे साल यासाठी महत्त्वाचं. त्या वर्षी हेन्री बेकर यांनी दाखवलं की प्रोग्रॅमने दर वेळी खोकं मागितलं की त्याच्याकडूनच ठरावीक, थोडंसं गणतीचं काम करून घ्यावं, म्हणजे एकदम मोठा थांबा येत नाही. त्याच वर्षी डायक्स्ट्रा, लॅम्पोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रंगांची युक्ती छापली. पांढरं म्हणजे अजून न पाहिलेलं, करडं म्हणजे पाहिलेलं पण त्यातून निघणारे धागे बाकी, काळं म्हणजे पुरतं झालेलं. अडचण एवढीच की बक्षी पाठ फिरवून पुढे गेला की एखादा शिपाई मोजून झालेल्या रांगेतल्या माणसाच्या हातात न मोजलेल्या घोड्याचा लगाम देतो, आणि जिवंत घोडं मेलेलं ठरून जातं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक हातबदलाची वर्दी द्यायची. ही वर्दी प्रोग्रॅमच्या प्रत्येक लिहिण्याला थोडा थोडा वेळ खाते. गार्बेज कलेक्शन फुकट आहे असं कुणी सांगत असेल तर त्याला या वर्दीचं बिल विचारा.

खोकी मोजून ठेवायची दुसरी रीत आहे: किती जणांनी धरलंय ते प्रत्येक खोक्यावर लिहायचं, शून्य झालं की मोकळं. आयफोनचे प्रोग्रॅम यावर चालतात. दिसायला सोज्वळ, पण दोन खोकी एकमेकांना धरून बसली की आकडा कधीच शून्य होत नाही. शिवाय मोठ्या साखळीचं पहिलं टोक सोडलं की एकामागून एक हजारो कड्या सुटतात आणि थांबा पुन्हा हजर. जास्त बोलत नाही.

खरी झेप 2003 ची. आयबीएममधल्या डेव्हिड बेकन, पेरी चेंग आणि व्ही. टी. राजन यांनी मेट्रोनोम नावाचा कलेक्टर मांडला. त्यांनी भर थांबा छोटा करण्यापेक्षा वाटणीच्या हमीवर दिला. समजा हमी अशी: कुठल्याही दहा मिलिसेकंदांवर बोट ठेवा, त्यातली सात प्रोग्रॅमची, तीन गणतीची. छोटे थांबेसुद्धा एकामागे एक लागून आले तर काम बुडतं, हे त्यांनी नीट पकडलं होतं. पुढे ही पद्धत आयबीएमच्या रिअल-टाइम जावात उतरली आणि अमेरिकी नौदलाच्या झुमवॉल्ट विनाशिकेच्या यंत्रणेसाठी रेथिऑनने ती निवडली. म्हणजे कचरा आपोआप उचलणारी भाषा युद्धनौकेवर चढली.

पण हमीखाली बारीक अक्षरात एक अट आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्या अटीत आहे. एका वेळी जास्तीत जास्त किती माल जिवंत असेल, आणि प्रोग्रॅम जास्तीत जास्त कोणत्या वेगाने नवी खोकी मागेल, हे दोन आकडे तुम्ही द्यायचे. ते खरे असतील तरच हमी खरी. तुम्ही सांगितल्यापेक्षा जोरात मागू लागलात तर बक्षी मागे पडणार आणि एका क्षणी सगळ्यांना थांबवून उरलेली गणती घेणार. आजच्या जावातल्या झेडजीसी या कलेक्टरचा थांबा एका मिलिसेकंदाच्या आत असतो ही गोष्ट खरी आहे, कौतुकाची आहे. पण तिथेही मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की मागणाऱ्याला ताटकळावं लागतं. जाहिरातीत हे नसतं. जाहिरातीत सरासरी असते.

म्हणजे आपोआप चालणाऱ्या बक्षीने हिशेबातून सुटका केली नाही. त्याने हिशेबाचं रूप बदललं. आधी प्रत्येक खोकं कधी परत करायचं हे माहीत असावं लागे, आता एकंदर वेग आणि एकंदर साठा माहीत असावा लागतो. मला विचाराल तर हा सौदा चांगला आहे. हजार छोट्या नोंदी चुकवण्यापेक्षा दोन मोठे आकडे मोजणं माणसाला जमतं. पण मोजावे लागतात. या पक्षाची बेफिकिरी नेमकी इथे आहे. 'कलेक्टर बघून घेईल' असं म्हणणारा जावाचा पोरगा आणि 'आमच्याकडे मॅलॉक नाही' असं म्हणणारा मी, आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

मधल्या वाटाही काढल्या गेल्या. 2002 साली मंजूर झालेल्या रिअल-टाइम जावाच्या नियमांत अशी मेमरी होती की एका कामापुरती खोली उघडायची आणि काम संपलं की खोलीसकट सगळं मोकळं. कागदावर सुंदर, हाताला काटेरी. कुठल्या खोलीतली वस्तू कुठल्या खोलीत न्यायची नाही याचे नियम सांभाळताना माणसं मेटाकुटीला आली. त्यापेक्षा स्वीडनच्या एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्मलेल्या एर्लांग भाषेने जे केलं ते मला फार आवडतं. तिथे प्रत्येक छोट्या कामाची भिंतच वेगळी. गणती आली तर त्या एका पथकाची येते, बाकीची फौज चालत राहते. एका फोनचा कॉल क्षणभर रेंगाळेल, गावाचं एक्स्चेंज थांबणार नाही.

आणि या सगळ्यांना मुळातच एक गोष्ट दिसत नाही, ती मुंबईच्या पवईत पाहिली गेली. गार्बेज कलेक्टर काय मोकळं करतो? ज्याच्यापर्यंत एकही धागा पोचत नाही ते. पण धागा पोचतो आणि तरी पुन्हा कधीच वापरलं जाणार नाही, असाही माल असतो. हजेरीला उभं राहतं, दाणा खातं, पण लढाईवर जाणार नाही असं घोडं. गणतीत ते जिवंतच दिसणार. आयआयटी मुंबईतले उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी 2007 मध्ये एका मोठ्या शोधनिबंधात प्रोग्रॅम चालवायच्या आधीच, नुसता वाचून, कुठला धागा कुठल्या ओळीनंतर लागणार नाही हे काढायची रीत दिली. तिथे आपणहून धागा तोडायचा, म्हणजे बक्षीला ते घोडं मोकळं दिसेल. आपल्याकडे या कामाची चर्चा कॉलेजांबाहेर जवळजवळ झाली नाही याचं मला वाईट वाटतं. गाड्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्याला पवई दीडशे किलोमीटरवर आहे.

या कामात मला दिशा दिसते. गणतीतला जेवढा भाग लढाईच्या आधी उरकता येईल तेवढा उरकायचा. रस्ट या भाषेची लोकप्रियता याच कारणाने वाढली: खोक्याचा मालक कोण आणि ते परत कधी जाणार हे प्रोग्रॅम तयार होतानाच तपासलं जातं. नियम मोडला तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. माझी ती राहिलेली ओळ रस्टच्या रीतीने लिहिली असती तर खोकं परत ठेवणं माझ्या आठवणीवर राहिलंच नसतं, फंक्शन कुठूनही मागे फिरो. सगळं आधी कळत नाही, हेही तितकंच खरं. कितवा निरोप बिघडेल हे कुठल्याही भाषेला सांगता येणार नाही.

मग करायचं काय? ब्रेक, एअरबॅग, विमानाच्या पंखांवरच्या झडपा हलवणारी नियंत्रणाची चक्रं इथे बंदी राहू द्या. मी आजही तिथे चालत्या प्रोग्रॅमला मेमरी मागू देत नाही. पण बंदीचा पुरावा 'मॅलॉक हा शब्द सापडला नाही' एवढाच मानू नका. प्रत्येक राखीव साठ्याचा आकडा कुठून आला ते लिहा, एका वेळी सर्वाधिक किती खोकी बाहेर होती याची नोंद यंत्रानेच ठेवावी, आणि परीक्षा घ्यायची ती बिघडलेल्या निरोपांची घ्या, धडधाकट निरोपांवर सगळेच पास होतात. याउलट त्याच गाडीतला नकाशा, गाणी, सर्व्हरला जाणारी माहिती हा सगळा पसारा केवळ परंपरा म्हणून सीमध्ये हाताने लिहीत बसणं हा माझ्या मते हट्ट आहे, आणि त्या हट्टाची किंमत लीकच्या रूपाने आपण दर रिलीजला मोजतो. तिथे आपोआप कचरा उचलणारी भाषा आणा, तिला वेगळी भिंत द्या, आणि तिची घंटागाडी ब्रेकच्या बोळात शिरणार नाही एवढं बघा. स्क्रीनवरचं गाणं शंभर मिलिसेकंद अडखळलं तर अडखळू दे.

यावर आक्षेप येतो की असे आकडे काढायला वेळ कोणाकडे आहे, गिऱ्हाईक तारीख मागतं. मान्य आहे, माझंही गिऱ्हाईक तारीखच मागतं. पण काटा 62 वर थिजल्यावर गेलेले दोन दिवस, त्यानंतरच्या बैठका आणि पुन्हा केलेल्या चाचण्यांचे तीन आठवडे, हे त्या तारखेच्या हिशेबात कुणी धरले नव्हते. हाच प्रकार गाडी रस्त्यावर गेल्यानंतर सापडला असता तर काय झालं असतं, हे मी त्या बैठकीत बोललो नाही.

तुम्ही या क्षेत्रात असाल, सी लिहीत असा की जावा, पुढच्या रिव्ह्यूला कुणी भाषेवरून भांडू लागला तर त्याला थांबवून एवढंच विचारा: सगळ्यात वाईट वेळी किती खोकी, किती मिलिसेकंद, आणि हा आकडा कुठल्या कागदावर आहे? उत्तराऐवजी सरासरी आली, तर रिव्ह्यू पुढच्या आठवड्यावर ढकला.

आमच्या त्या डॅशबोर्डची खोकी अजून 64 च आहेत. ती ओळ लिहिल्यापासून एका वेळी जास्तीत जास्त 23 बाहेर गेली आहेत, मुद्दाम बिघडवलेल्या निरोपांच्या रात्रीसुद्धा. हा आकडा बेंचवरच्या कागदावर रोज सकाळी छापून येतो.